दुखणे सोबत असताना घर आपलेसे कसे करावे

तुम्ही लिहिले आहे की सांगलीचे जुने कौलारू घर सोडून आठ महिन्यांपूर्वी तुम्ही पिंपरीतील चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, कंबर सहा वर्षांपासून दुखते आहे, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे सर्वांग दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान केले, आणि आजही आतल्या खोलीत ११ खोकी बांधलेल्या अवस्थेत पडून आहेत. या घरात लॉजवर उतरल्यासारखे वाटते, ते कसे जाईल, असे तुम्ही विचारले आहे. दुखणे कमी होईपर्यंत खोकी तशीच ठेवावीत की अंगावर काढून एकदाची लावून टाकावीत, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलेत, "सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग घर का लावत नाहीस?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि उत्तराची सुरुवात खरे तर तेथूनच करावी लागेल.

त्याआधी माझ्याविषयी थोडे सांगते. मी गेली २३ वर्षे व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून काम करते आहे. 'व्यवसाय' या शब्दामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नसून माणूस दिवसभरात जे जे करतो ते सर्व, म्हणजे अंघोळ, वेणीफणी, स्वयंपाक, पूजा, बाजारहाट, आल्यागेल्याचे स्वागत. आपल्याकडे या विषयाचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. माझे निम्म्याहून अधिक काम रुग्णांच्या घरी जाऊन चालते, त्यामुळे दुखणे आणि घर या दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार करण्याची सवय मला राहिलेली नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की घर लावायचे थांबवूही नका आणि एकदाचे लावूनही टाकू नका. ज्या घरात आपण रोज स्वतःच्या हाताने काही ना काही करतो, ते घर हळूहळू आपले होते. दुखण्यामुळे तुमचे ते रोजचे करणे सुटले आहे आणि म्हणून घर परके वाटते आहे. तेव्हा आधी तुमच्या हाताला पुन्हा काम मिळेल अशी घराची मांडणी करायची, आणि शोभेचा विचार त्यानंतर करायचा.

आता रिपोर्टविषयी. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते आणि ताज्या इजेच्या दुखण्यापासून ते वेगळे काढते. बोट कापले तर दुखणे जखमेचे असते आणि जखम भरली की तेही जाते. दीर्घकालीन दुखण्यात पुष्कळदा असे होते की वेदनेचे संदेश वाहून नेणारी आणि त्यांचा अर्थ लावणारी मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, आणि एरवी जाणवलाही नसता असा दाब, गारवा किंवा श्रम ती वेदना म्हणून नोंदवते. फायब्रोमायल्जियात असेच घडते असे मानले जाते. हे हळवेपण क्ष-किरणात किंवा रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. रिपोर्ट नॉर्मल असणे आणि दुखणे खोटे असणे यांचा काहीही संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यात दीर्घकालीन वेदना हा एक स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलेला आहे. घरातल्या मंडळींना हे एकदा शांतपणे वाचून दाखवा, आणि शक्य असेल तर पुढच्या तपासणीला यजमानांना किंवा मुलाला बरोबर घेऊन जा. तीच गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकली की घरातला अर्धा ताण उतरतो, असा माझा अनुभव आहे.

घरच्यांशी बोलण्याचा आणखी एक मार्ग मला फार उपयोगी वाटतो. दवाखान्यात आम्ही शून्य ते दहा अशी मोजपट्टी देतो, पण घरात 'आज सात आहे' असे म्हटल्याने कोणाला काही कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला इतके नेमके शब्द आहेत की त्यांचा उपयोग न करणे ही मोठी हानी आहे. ठणकणे वेगळे आणि ठसठसणे वेगळे. चमक येते आणि जाते, कळ लाटेसारखी चढते, उसण भरली की माणूस जागच्या जागी थिजतो, सांधे आखडतात, पाय भरून येतात, पोटऱ्या वळतात, त्वचेची आग होते, आणि काही दिवस नुसते अंग मोडून आल्यासारखे असते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या नऊ वर्षांच्या मुलीने हे शब्द इतके आत्मसात केले होते की शाळेतून आल्यावर ती दारातूनच विचारायची, "आई, आज ठणक आहे की जडपणा?" ठणक असेल तर ती शेजारी बसून अभ्यास करी, आणि जडपणा असेल तर आईला हाताला धरून गच्चीवर चालायला नेई, कारण ठणकीला विसावा लागतो आणि जडपणाला हालचाल, हे तिला समजले होते. तुमच्या घरातही असे तीन-चार शब्द ठरवा. दर वेळी 'दुखतंय' असे म्हटले की ऐकणाऱ्याचे कान हळूहळू बंद होतात, आणि त्यात त्याचाही फारसा दोष नसतो.

घराकडे वळण्यापूर्वी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण तुमच्या घरात तीच होऊ नये असे मला मनापासून वाटते. माझ्या कामाच्या दुसऱ्याच वर्षी मी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेले होते. त्यांना मणक्याचा जुना आजार होता. मी पुस्तकात शिकले होते ते सर्व केले. हॉलमधला झोपाळा अडचणीचा म्हणून काढायला लावला, गोधड्या पायात येतील म्हणून माळ्यावर टाकायला सांगितल्या, लोखंडी पलंग आणि जेवणाचे सरकते टेबल आतल्या खोलीत लावले, औषधांची मांडणी भिंतीवर केली. सगळे सुरक्षित होते. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मला एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या घराचा दवाखाना केलात." त्यांचे चालणे पूर्वीपेक्षा कमी झाले होते, कारण चालत जावे असे त्या घरात काही उरलेच नव्हते. आम्ही झोपाळा परत टांगला, त्याची साखळी चार कड्यांनी आखूड करून तो उंच केला म्हणजे उठताना कंबरेला ताण येईना, आणि त्याला पाठ टेकण्यापुरती एक घट्ट उशी बांधली. ते पुन्हा हॉलमध्ये येऊन बसू लागले. तेव्हापासून एखादी वस्तू हलवण्यापूर्वी त्या वस्तूवर त्या माणसाचे काय अडकले आहे, हे मी आधी विचारते.

म्हणून तुम्हाला माझी पहिली सूचना खोक्यांविषयी नाही, तर बसण्याच्या जागेविषयी आहे. तुमच्या पत्रावरून असे दिसते की दिवसाचा बराच वेळ तुम्ही आतल्या खोलीत पडून असता आणि घराचे सगळे येणेजाणे बाहेर चालते. मग घर तुम्हाला आपले कसे वाटेल? हॉलमध्ये अशी एक जागा निवडा जेथून मुख्य दार आणि स्वयंपाकघर दोन्ही दिसते, आणि तेथे तुमची खुर्ची ठेवा. सोफा चालणार नाही, कारण आजकालचे सोफे इतके खोल आणि मऊ असतात की त्यातून उठणे हीच कंबरेची परीक्षा होते. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठताना तळहातांवर भार देता येतो. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत आणि खुबे गुडघ्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर असावेत. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवली तरी पुरते, त्यासाठी महागडी उशी घ्यायची गरज नाही. उजव्या हाताशी एक लहान टेबल ठेवा आणि त्यावर पाणी, चष्मा, फोन, शाल आणि सध्या जे काही वाचत असाल ते असू द्या. त्या जागेवरचा दिवा पिवळसर उजेडाचा घ्या. दुकानात '२७०० केल्विन' असे लिहिलेला बल्ब मागा, कारण संध्याकाळी पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात कोणतीही खोली प्रतीक्षालयासारखी दिसते. ही खुर्ची तुमची, हे घरात सर्वांना माहीत असू द्या. महिनाभरात तुमच्या लक्षात येईल की मुलगा डबा तेथे आणून ठेवतो आहे, सासूबाई भाजी निवडायला तेथे येऊन बसत आहेत. माणसे जेथे जमतात तेथे घर असते, आणि ती तुमच्याभोवती जमावीत म्हणून तुम्ही मध्ये असणे आवश्यक आहे. फक्त एक पथ्य पाळा, की कितीही चांगली खुर्ची असली तरी अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालायचेच.

स्वयंपाकघराविषयी मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे बहुतेक बायकांचे घराशी असलेले नाते तेथूनच सुरू होते आणि दुखण्यामुळे ते तेथेच आधी तुटते. ते तसे असावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि स्वयंपाकाचा भार एकटीवर असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु भार काढून घेणे आणि स्वयंपाकघरच काढून घेणे यात फरक आहे. साताऱ्यातील एका बाईंना संधिवात होता, हाताची बोटे सकाळी तासभर मिटत नसत. घरच्यांनी प्रेमापोटी त्यांना स्वयंपाकघरात येऊ देणेच बंद केले. सून अत्यंत मनमिळाऊ होती. तरीही बाई खंगत चालल्या होत्या. मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माझ्याच घरात चहा मागून घ्यावा लागतो." आम्ही ठरवले की सकाळचा चहा त्याच करतील, बाकी काही नाही.

मग तो चहा कोठे कोठे अडतो ते मी शेजारी उभी राहून पाहिले. चहा-साखरेचे डबे स्टीलचे होते आणि त्यांची झाकणे इतकी घट्ट की बोटांच्या पेरांनी ती उघडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होते. डबे वरच्या फडताळावर होते, कारण जुन्या घरात त्यांच्या सासूबाईंनी ते तेथे ठेवले होते. पातेले सांडशीने धरून उचलावे लागत होते आणि सांडशीची पकड म्हणजे दुखऱ्या सांध्यांवर सगळा दाब. आम्ही डबे बदलून रुंद तोंडाच्या, सैल झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या आणि त्या ओट्यावर शेगडीच्या डाव्या बाजूला, कोपराच्या उंचीला ठेवल्या. पातेल्याऐवजी दोन कानांचे लहान भांडे घेतले, जे दोन्ही तळहातांनी कापडात धरून उचलता येते. गाळणी कपावर ठेवून चहा पळीने कपात घालायचा, म्हणजे भांडे उचलण्याचीही वेळ येत नाही. उठल्यावर आधी दहा मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडमीट करायची आणि मगच शेगडीपाशी जायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितले की आज सुनेला तिच्या खोलीत चहा नेऊन दिला. संधिवात होता तेवढाच होता, आणि त्याची औषधेही चालूच होती.

तुमच्या बाबतीत कंबर आणि सर्वांगाचे दुखणे आहे, त्यामुळे तपशील वेगळे असतील. सर्वांत आधी ओट्याची उंची पाहा. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवा. चिरणे, मळणे यांसाठी ओटा कोपरापेक्षा साधारण चार ते सहा इंच खाली असावा. तो त्याहून खाली असेल तर तुम्ही दिवसभर कंबरेत वाकून काम करता आहात, आणि मग जाड लाकडी फळी किंवा उलटी ठेवलेली परात अशा आधारावर चिरण्याचे काम वर आणायचे. भाजी चिरणे, निवडणे, सोलणे ही कामे ओट्याशी उभे राहून करण्याचे काहीच कारण नाही, ती टेबलाशी बसून करा. विळी तूर्त बाजूला ठेवा, कारण जमिनीवर बसून पुढे वाकणे आणि मग उठणे या दोन्ही गोष्टी तुमच्या मणक्याला आज परवडणाऱ्या नाहीत. जेथे उभे राहावेच लागते, म्हणजे फोडणी घालताना किंवा पोळ्या भाजताना, तेथे एक पाऊल पाटावर ठेवून उभे राहा आणि दर काही मिनिटांनी पाय बदला. ओट्याखाली ट्रॉल्या असतील तर खालचे एक दार उघडून तळाच्या कडेवर पाऊल टेकवले तरी चालते. एवढ्याने कंबरेची खोलगट वाक कमी होते आणि उभे राहण्याची मुदत वाढते. नव्या इमारतींतील गुळगुळीत फरशी कठीण असते, तेव्हा घरात वापरायच्या मऊ तळाच्या चपला वेगळ्या ठेवा. घरात चप्पल नको असे सासूबाईंचे म्हणणे असेल तर त्या कधीही उंबरठ्याबाहेर न नेण्याचे वचन द्या, बहुतेक वेळा तेवढे पुरते.

वजनांचा हिशेब डोळसपणे करा. १० लिटरची भरलेली बादली म्हणजे १० किलो वजन, आणि घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर, आत १४.२ किलो गॅस असल्यामुळे, एकूण ३० किलोच्या आसपास जातो. तो तुम्ही हलवायचा नाही, त्याला चाकांचे स्टँड घ्या आणि तरीही सरकवण्याचे काम मुलाचे. पीठ, तांदूळ, साखर मोठ्या डब्यातून आठवड्यापुरते लहान डब्यात कोणीतरी काढून द्यावे. मिक्सर कपाटात ठेवून रोज काढू नका, तो ओट्यावरच राहू द्या. रोजच्या वापराची प्रत्येक वस्तू गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात असावी, आणि त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली फक्त सणावारी लागणारी भांडी. पुढे खोकी उघडतानाही वस्तू कोठे जाईल हे याच पट्ट्यावरून ठरवायचे.

आता कामाच्या मोजमापाविषयी, कारण माझ्या मते तुमचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते आहे. तुम्ही लिहिले आहे की एका रविवारी बरे वाटले म्हणून सकाळपासून तीन खोकी उघडली आणि पुढचे पाच दिवस अंथरुणातून उठता आले नाही, म्हणून मग पुन्हा हातच लावला नाही. दीर्घकालीन दुखण्यात हा फेरा जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. बरे वाटले की साठलेले सगळे उरकायचे आणि मग पडून राहायचे, असे होत गेले की प्रत्येक फेऱ्यानंतर स्नायूंची ताकद थोडी कमी होते आणि कामाची भीती थोडी वाढते. यावर उपाय असा की काम दुखण्याच्या हवाली न करता घड्याळाच्या हवाली करायचे. तीन वेगवेगळ्या दिवशी, एक बरा, एक मध्यम आणि एक वाईट, तुम्ही किती मिनिटे उभे राहून काम केल्यावर दुखणे चढू लागते ते लिहून ठेवा. समजा १५, १२ आणि ९ मिनिटे आली. सरासरी १२ झाली. त्यातून पाचवा हिस्सा कमी करा, म्हणजे साधारण साडेनऊ मिनिटे. ही तुमची आजची मर्यादा. मोबाइलवर गजर लावा आणि तो वाजला की काम अर्धे असले तरी बसा. बरे वाटत असले तरीही बसा, आणि हे पथ्य सर्वांत कठीण आहे. वाईट दिवशीही पूर्ण सोडू नका, ४ मिनिटे का होईना करा. दोन आठवडे हे जमले की एकेक मिनिट वाढवायचे. दुपारी २० मिनिटे आडवे होणे हेही कामाच्या यादीत लिहा. ठरवून घेतलेला विसावा आणि कोसळून घेतलेला विसावा यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो.

झोपेच्या जागेविषयी आपल्याकडे एक समज घट्ट रुजलेला आहे, की पाठदुखीला फळी किंवा जमीन उत्तम. स्पेनमध्ये दीर्घकालीन कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच्या उलट सांगतो. अतिशय कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे आणि हालचालीतील अडचण अधिक कमी झाली. तुम्ही फळीवर सतरंजी घालून झोपता असे लिहिले आहे. त्यावर चार इंचांची चांगली पिंजलेली कापसाची गादी घाला आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. आईची गोधडी खोक्यात आहे आणि ती अंगावर घेतली की वजनाने अंग दुखते म्हणून काढत नाही, हे वाचून मला वाईट वाटले. ती अंगावर घेण्याऐवजी अंगाखाली घाला, किंवा घडी करून तुमच्या खुर्चीच्या पाठीवर टाका. हाताला तिचा स्पर्श होत राहिला तरी पुष्कळ आहे. पलंग शक्य असेल तर खिडकीशी लावा. १९८४ साली रॉजर उलरिक या संशोधकाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि तुमचे दुखणे एक नव्हे, परंतु तुमच्या खिडकीतून गुलमोहर दिसतो असे तुम्हीच लिहिले आहे, आणि पलंग मात्र कपाटाकडे तोंड करून आहे.

न्हाणीघराविषयी थोडक्यात. बसून अंघोळ करा, त्यासाठी न घसरणाऱ्या पायांचे प्लास्टिकचे स्टूल घ्या, आणि कमोडशेजारी भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला दांडा लावा. हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे मी कोणालाही सुचवत नाही, ते नेमके भार दिल्यावर सुटतात.

सणांचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण गौरी-गणपती आले की तो निघेलच. दुखणे असलेल्या बायकांचे सर्वांत वाईट पंधरवडे गौरीचे आणि दिवाळीचे असतात, कारण वर्षभर पाळलेली पथ्ये त्या दिवसांत लाजेखातर मोडली जातात. दर सणाला एकच गोष्ट अशी ठरवा जी तुमच्याच हातची असेल, आणि बाकीचे निःसंकोचपणे विकत आणा किंवा वाटून द्या. पुरणपोळ्या बाहेरून आल्या आणि कटाची आमटी तुमच्या हातची झाली तर नैवेद्यात काही उणे राहत नाही. जमिनीवर वाकून रांगोळी काढता येत नसेल तर दाराशेजारी उंच स्टुलावर पाट ठेवून त्यावर काढा. पुण्यातील एक बाई गेली सहा वर्षे अशी रांगोळी काढतात आणि त्यांच्या मजल्यावरच्या मुली ती पाहायला थांबतात. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आलेली रांगोळी अधिक निरखून पाहिली जाते, असे त्या म्हणतात आणि मला ते पटते.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. मी येथे जे लिहिले आहे ते तपासण्या झालेल्या, निदान झालेल्या जुन्या दुखण्यासाठी आहे. पायातली शक्ती अचानक कमी झाली, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सकाळपर्यंतही थांबू नका. ताप, कारण नसताना घटणारे वजन, किंवा रात्री झोपेतून उठवणारे नवे दुखणे असेल तरीही डॉक्टरांना लवकर दाखवा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, त्या पोट आणि मूत्रपिंडे यांना इजा करू शकतात. आणि दुखण्यामुळे जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. दीर्घकालीन वेदनेत खिन्नता येणे फार सर्रास आहे, आणि तिच्यावर उपचार केले की दुखणे सोसण्याची ताकदही वाढते.

आता खोकी. ती ११ आहेत असे म्हणणे सोडून द्या, ती तुमच्यासाठी एकच आहे, जे आज समोर आहे ते. उरलेली दहा मुलाने गॅलरीत किंवा दाराआड नजरेआड करावीत, कारण उठताबसता दिसणारे अपुरे काम माणसाला थकवते. पहिले खोके भांड्यांचे घेऊ नका. सांगलीच्या घरातले फोटो, देवघरातली घंटा, वडिलांचा पितळी अडकित्ता ज्यात आहे असे तुम्ही लिहिलेत ते घ्या. येत्या रविवारी सकाळी, अंघोळीनंतर अंग थोडे सैल झाले की, यजमानांना ते उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवायला सांगा. जमिनीवर वाकून एकही वस्तू काढायची नाही. शेजारी सासूबाईंना बसवा, कारण त्या वस्तूंच्या गोष्टी त्यांनाही ऐकायच्या असतील. पट्टी कापायला कात्री, पुसायला ओले फडके आणि १५ मिनिटांचा गजर, एवढेच जवळ असू द्या. हे काम बसून करायचे आहे, म्हणून उभे राहण्याच्या मर्यादेपेक्षा थोडा अधिक वेळ दिला आहे. गजर वाजला की खोक्यात काहीही उरलेले असो, झाकण मिटवा आणि दुखत नसले तरी २० मिनिटे आडव्या व्हा. निघालेल्या वस्तूंपैकी एक तुमच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवा. सोमवारी सकाळी कंबर कशी आहे ते एका ओळीत वहीत लिहा, आणि ती ओळ पाहूनच पुढचे खोके बुधवारी की पुढच्या रविवारी ते ठरवा.